ॲसिड उडालं तर सोडा नव्हे, पाणी

लोटे असो वा तारापूर, रसायन कारखान्यांच्या क्यूसी लॅबमध्ये (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत) नव्या पोरांना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: सल्फ्युरिक ॲसिडचं सॅम्पल घेताना हातावर उडालं तर पाणी लावू नका, उकळतं, आधी सोडा चोळा. हे साफ चुकीचं आहे. ९८ टक्क्यांच्या ॲसिडवर चार थेंब पाणी पडलं तर ते तापतं, खरंय. पण लॅबमधल्या सेफ्टी शॉवरची जोरदार धार ॲसिडही वाहून नेते आणि उष्णताही. सोड्याचा डबा शोधण्यात जाणारे सेकंद कातडी जाळतात. थेट शॉवरखाली जा, भिजतच कपडे काढा, किमान १५ मिनिटं धुवा, मग डॉक्टर. सोडा फरशीवर सांडलेल्यासाठी ठेवलेला असतो.