इसबाचं पथ्य: नाशिकचं आणि चीनचं

इसब उठला की नाशिकच्या घरात पहिली कुऱ्हाड मिसळीवर पडते. मग वांगं जातं, दही जातं, शेंगदाणे जातात, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते. पंधरा दिवसांत पेशंटच्या ताटात वरण-भात आणि दुधीची भाजी एवढंच उरतं. दक्षिण चीनमधल्या एखाद्या आजीला विचारलं तर तीही अशीच यादी सांगेल. तिच्या यादीत कोळंबी, खेकडा, मटण, बांबूचे कोंब, दारू, आंबा आणि लिची असेल. दबलेला आजार उफाळून आणणाऱ्या अशा पदार्थांना चिनी वैद्यकात ‘फा-वू’ म्हणतात आणि इसबात ते वर्ज्य मानतात.

त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. चिनी वैद्यकातली ‘प्लीहा’ म्हणजे पोटात डाव्या बाजूला असते ती नव्हे; अन्न पचवून त्याचं सार अंगभर पोचवणारी शक्ती असा तिचा अर्थ. ही शक्ती गोड, तेलकट, थंडगार खाण्याने मंदावली की शरीरात ओल साचते, ओलीला उष्णतेची जोड मिळाली की ती त्वचेवर फुटते: लाल, गरम, पाणी सुटणारा इसब. जुनाट इसबाचं निदान मात्र वेगळं. तिथे त्वचा कोरडी, जाड, काळपट झालेली असते आणि दोष रक्ताच्या कमतरतेला नि कोरडेपणाला दिला जातो. म्हणून ओल्या इसबाला मुगाचं कढण, लाल चवळीसारखे छोटे अझुकी दाणे, कोहळा, आणि मक्या-ज्वारीच्या नात्यातल्या एका गवताचे टणक दाणे शिजवून केलेली पेज. कोरड्याला काळे तीळ, चिनी खजूर, कोनफळाच्या वळणाचे कंद. आधी अन्नाने उपचार करून पाहावा, ते पुरलं नाही तरच औषधाकडे वळावं, असं सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याने लिहून ठेवलं आहे.

आपल्याला यात परकं काहीच वाटत नाही. चरकाने विचर्चिकेची, म्हणजे इसबासारख्या आजाराची, गणना कुष्ठाच्या (त्याच्या भाषेत सगळ्याच त्वचारोगांच्या) अठरा प्रकारांत केली आणि कारणांमध्ये विरुद्ध आहार, म्हणजे एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाणं, धरला. मूग आणि कोहळा तर दोन्ही देशांत तेच, अगदी वनस्पतिशास्त्रीय नावासकट. मला चिनी पद्धतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती ही की एकच यादी सगळ्यांच्या माथी मारत नाहीत. आपल्या घरातली पथ्याची यादी मात्र आजीकडून सुनेकडे जशीच्या तशी येते, मग इसब ओला असो वा कोरडा, पेशंट सहा महिन्यांचा असो वा साठ वर्षांचा.

आता त्वचेकडे पाहू. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं की लहानपणापासून होणाऱ्या इसबाचा फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकाशी घट्ट संबंध आहे. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवतं आणि त्याच्या विघटनातून त्वचेत पाणी धरून ठेवणारी द्रव्यं तयार होतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची भिंत आठवा. विटा शाबूत, पण मधला चुना झडलेला. इसबाच्या त्वचेत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ हा चुना. तो कमी पडला की आतलं पाणी उडतं आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरतात. रोगप्रतिकारशक्ती खवळते, आणि इंटरल्युकिन-४, १३, ३१ असे रासायनिक निरोप सुटतात. यातला शेवटचा तर थेट खाजेचा. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर येतो तेव्हा जिल्ह्यातल्या इसबवाल्यांची खाज का वाढते, हे समजायला मिसळीची गरज नाही. कोरडी हवा पुरेशी आहे.

मग अन्नाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो आपल्या समजुतीच्या उलट दिशेने आहे. फुटक्या त्वचेतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तेच अन्न आधी तोंडावाटे, आतड्यातून गेलं तर सोसायला शिकतं. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे, असं २००८ मध्ये दिसलं. इस्रायलमध्ये बाळं शेंगदाण्याचा खाऊ फार लवकर खायला लागतात. त्यावरून लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, वय चार ते अकरा महिने. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित दिला, अर्ध्यांना पूर्ण वर्ज्य. सुरुवातीला ज्यांची शेंगदाण्याची त्वचा-चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यात पाचव्या वर्षी वर्ज्य करणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्के मुलांना. २०१५ सालचा हा निकाल वाचल्यावर ‘इसब आहे, दाणे बंद’ या सल्ल्याकडे निदान बाळांच्या बाबतीत तरी जुन्या डोळ्यांनी पाहता येत नाही. (तीव्र इसबाच्या बाळाला दाणे सुरू करायचे तर डॉक्टरांना विचारूनच, आणि आख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो.)

तरीही दोन्ही देशांच्या याद्या सरसकट खोट्या नाहीत. झणझणीत तर्रीतलं कॅप्सायसिन उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, घाम सुटतो आणि खाज उठते. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, परिणाम तोच. यात नवा रोग होत नाही, असलेली खाज मात्र चेकाळते. आंब्याची गोष्ट जास्त गमतीची. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकात आणि सालीत बिब्ब्याच्या तेलाशी नातं सांगणारी द्रव्यं असतात, म्हणून काहींना चोखून आंबा खाल्ला की ओठांभोवती फोड येतात. साल काढून फोडी खाल्ल्या तर त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. आंबा पाण्यात बुडवून ठेवण्याची, देठाकडचा चीक काढून टाकण्याची आपली सवय इथे कामी येते.

शेंगदाण्यावरचा बहिष्कारही काही मोजक्या लोकांसाठी बरोबर निघतो. तळहात-तळपायांवर साबुदाण्यासारखे खाजरे फोड येतात तो इसब काही जणांत निकेलच्या ॲलर्जीमुळे चिघळतो. खोट्या दागिन्यांनी कान चिघळणाऱ्यांत ही ॲलर्जी असण्याची शक्यता बरीच. डाळी, शेंगदाणे, काजू, सोयाबीन, ओट, कोको यांत निकेल तुलनेने जास्त असतं. आता गंमत पाहा: ‘ओल काढणारा’ म्हणून चिनी वैद्य जो मूग आणि जे लाल दाणे देईल, तेही डाळवर्गातलेच. अशा पेशंटला तोच उपाय नेमका उलटा पडू शकतो.

दुधाच्या बाबतीत मी चिनी यादी सपशेल बाजूला ठेवीन. दूध-दह्याने ओल वाढते हे मत अशा देशातलं, जिथे बहुतेक प्रौढांना दूध पचत नाही आणि मुलांना प्रथिनं इतर वाटांनी मिळतात. नाशिकच्या शाकाहारी घरात दूध, दही, पनीर काढलं तर वाढत्या मुलाच्या ताटात उरतं काय? ॲलर्जी सिद्ध न झालेल्या मुलांचं दूध-अंडं बंद करून इसब सुधारतो का, हे २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्याने (अशा आढाव्यात एका विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र पारखतात) तपासलं आणि फायदा आढळला नाही. अंड्याची ॲलर्जी रक्ततपासणीत दिसलेल्या बाळांत अंडं टाळून थोडा फायदा असू शकतो, इतकंच. उलट तोटे खरे आहेत. इसबामुळे दूध तोडून तांदळाच्या पेयावर ठेवलेल्या एका अमेरिकी बाळाला क्वाशिओरकॉर, म्हणजे प्रथिनांच्या तुटवड्याने अंग सुजण्याचा आजार झाल्याची नोंद २००१ मधली आहे. शिवाय बरेच महिने बंद ठेवलेलं अन्न पुन्हा दिल्यावर पूर्वी नसलेली जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते.

चिनी काढ्यांबद्दलही दोन शब्द, कारण इंटरनेटवर ते विकायला असतात. १९९२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दहा वनस्पतींचा चिनी काढा मुलांवर आणि प्रौढांवर तपासला, निकाल उत्साहाचे आले. पुढे हाँगकाँगमध्ये तोच काढा चालला नाही, आणि २०१३ च्या कॉक्रेन आढाव्याला खात्रीचा पुरावा मिळाला नाही. अशा काढ्यांनी यकृत सुजल्याच्या घटना आहेत. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तपासलेल्या अकरा ‘हर्बल’ चिनी मलमांपैकी आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. चमत्कार कशाचा होता ते कळलंच.

ताटाशी खेळायचंच असेल तर मूग, कोहळा, साधं ताजं अन्न खुशाल वाढवा. खाज भडकलेली असताना तर्री आणि दारू सोडा. एखाद्या पदार्थावर संशय असेल तर प्रौढांनी तो एकटाच दोन-तीन आठवडे थांबवावा, खाजेची नोंद ठेवावी, फरक नसेल तर परत सुरू करावा. खाल्ल्यावर तासाभरात गांधी उठणं, ओठ सुजणं, उलटी असं काही झालेलं असेल तर हा प्रयोग घरी नको. लहान मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांशिवाय काहीच तोडू नये. या सगळ्याच्या आधी कोमट पाण्याने झटपट अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं. दिवाळीचं उटणं मात्र इसबाच्या चट्ट्यांवर घासू नका.

आणि हातांचा इसब असेल तर ताटाआधी हाताखालचं काम पाहावं. द्राक्षबागेत फवारणी आणि डिपिंग (घड औषधात बुडवणं) करणाऱ्याला औषधांचा त्रास असू शकतो, बांधावरच्या गाजरगवताचा तर चेहरा-मानेवरही. रोज किलोकिलोने लसूण सोलणाऱ्या बाईची डाव्या हाताची तीनच बोटं टोकांशी फुटलेली असतील, कारण पाकळी त्याच बोटांत धरली जाते. तिथे डायअलिल डायसल्फाइड हे लसणातलं द्रव्य संशयित. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित द्रव्यं लावलेल्या, पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढून पाहतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तोवर पाठ भिजवायची नसते, म्हणून ही तपासणी उन्हाळ्यात घामाच्या दिवसांत करण्यापेक्षा थंडीत उरकलेली बरी.