द्राक्षवेलीच्या छाटणी-जखमांचे संरक्षण

द्राक्षाची काडी, ओलांडा (खोडापासून निघणारी कायमची आडवी फांदी) किंवा खोड कापल्यावर उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरू नये म्हणून करावयाची उपाययोजना. महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या भागांत वेल वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलच्या सुमारास नव्या काड्या तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी फळछाटणी. जिथे वर्षातून एकदाच छाटणी होते त्या प्रदेशांपेक्षा येथील वेलीवर जखमांचे प्रसंग दुप्पट येतात.

लाकडात शिरणाऱ्या बुरशींपैकी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही उष्ण हवामानात फोफावणारी बुरशी भारतातही आढळते. यूटायपा लाटा ही बुरशी कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया व युरोपातील बागांचे मोठे दुखणे आहे. एस्का या बुरशींमुळेच होणाऱ्या दुसऱ्या लाकूड-रोगावर फ्रान्समध्ये सोडियम आर्सेनाइट वापरत. ते विषारी असल्याने २००१ मध्ये बंद झाले. एकदा लाकूड नासले की ते पूर्ववत करणारे औषध नाही, म्हणून सारी भिस्त जखमेच्या संरक्षणावर आहे.

काप घेताच लाकडातील जलवाहिन्या उघड्या पडतात. पाऊस झाला की जुन्या, मेलेल्या लाकडावरील बीजाणू सुटतात आणि पाण्याबरोबर या वाहिन्यांत शिरतात. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. पुढे जखम हळूहळू सुकते, पण काही बुरशींना त्यानंतरही वाट मिळते. लक्षणे दिसायला अनेकदा काही वर्षे जातात : ओलांड्याच्या एका बाजूचे डोळे फुटत नाहीत, फूट खुरटते, शेवटी ओलांडा वाळतो. तो आडवा कापून पाहिला तर तपकिरी, पाचरीच्या आकाराचा डाग किंवा काळे ठिपके दिसतात.

काडीच्या बारीक कापांपेक्षा ओलांडा वा खोडावरचे जाड काप कितीतरी घातक असतात. छाटणीच्या धांदलीत नेमके हेच काप तसेच राहतात. असा काप कोरड्या हवेत घ्यावा. पावसाचा अंदाज असेल तर काम पुढे ढकलावे. कात्री किंवा करवत धारदार हवी, कारण चिरडलेले लाकूड नीट सुकत नाही. काप खोडाला अगदी चिकटून घेऊ नये. कापाखालचे लाकूड आतवर वाळत जाते, म्हणून कापल्या भागाच्या जाडीइतका तरी खुंट राखावा.

जाड कापावर त्याच दिवशी ब्रशने बोर्डो पेस्ट लावतात. प्रमाण असे : १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ढवळत ओतावे. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर द्रावण आम्ल आहे, चुना वाढवावा. पेस्ट त्याच दिवशी संपवावी. तांबे फक्त पृष्ठभागावर काम करते, आत शिरलेल्या बुरशीला ते गाठत नाही. थराला तडा गेला की संरक्षणही संपले. वेल पाणी सोडत असेल तर पेस्ट वाहून जाते, तेव्हा पाणी थांबल्यावर पुन्हा लावावी.

ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी ताज्या जखमेवर लावल्यास लाकडात आधी जागा पटकावते. मात्र तिला रुजायला वेळ लागतो, आणि बोर्डोसोबत ती लावल्यास तांब्याने ती मरते. दोन्हींपैकी एकच निवडावे. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ते हायड्रोजन सायनामाइड म्हणजे जखमेचे संरक्षण नव्हे. अन्य बुरशीनाशक घ्यायचे असल्यास ते द्राक्षासाठी नोंदणीकृत आहे का हे पाहावे. निर्यातीच्या बागेत औषधाच्या अवशेषांचा प्रश्न थेट मालाशी भिडतो.

रोग दिसल्यास डाग संपून पुढे स्वच्छ लाकूड लागेपर्यंत, आणि त्याखालीही १० ते २० सेंमी कापून, खालून आलेल्या सशक्त फुटीपासून नवा ओलांडा तयार करतात. मात्र ती फूट कलमाच्या सांध्याच्या वरची हवी, नाहीतर ज्यावर कलम बांधले तो डॉगरिजसारखा मूळखुंटच वाढेल. कापलेले रोगट लाकूड बांधावर रचून ठेवणे म्हणजे पुढच्या पावसासाठी बीजाणूंचा साठा करणे. ते बागेबाहेर नेऊन नष्ट करावे.