दाबोळीतलं न डुलणारं डेक

गोव्याला जाताना आपण ज्या दाबोळी विमानतळावर उतरतो, तो मुळात नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा तळ. तिथेच विमानवाहू नौकेच्या डेकचा एक तुकडा जमिनीवर बांधलेला आहे: टोकाला 14 अंश वर उचललेली आखूड धावपट्टी आणि उतरणाऱ्या विमानासाठी आडवी ताणलेली पोलादी तार. नौकेवर जाण्याआधी विमानाची परीक्षा इथे होते.

एरवी वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलून विमान अलगद टेकवतो. डेकवर ही चैन नाही. विमान एकाच कोनात खाली येतं आणि अक्षरशः आदळतं. शेपटीखालचा हूक तारेत अडकला की ताशी 240 किलोमीटरचा वेग नव्वदेक मीटरमध्ये शून्य! हिशेब मांडला तर स्वतःच्या वजनाच्या अडीचपट जोर वैमानिकाला आसनाशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर येतो. आणि चाकं टेकताच वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढत नाही, पुढे रेटतो. हूक चुकलाच तर पुन्हा उडता आलं पाहिजे ना!

दाबोळीची पट्टी लाटांवर डुलत नाही, ही सोय. पण नौका वेगात असताना समोरून जो वारा मिळतो आणि ज्याने विमानाचं काम हलकं होतं, तोही इथे नाही.

तेजसच्या नौदल आवृत्तीने 2018 मध्ये आधी जमिनीवर धावत जाऊनच तार पकडली. हवेतून उतरत पकडली ती 13 सप्टेंबर 2019 ला. 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान ‘विक्रमादित्य’ या आपल्या विमानवाहू नौकेवर उतरवलं.

तरीही नौदलाने ते घेतलं नाही. इंजिनाच्या मानाने विमान जड आहे, हे 2016 मध्येच सांगून झालं होतं. रिकाम्या हाताने उडी मारणं वेगळं आणि इंधन-शस्त्रांचं ओझं घेऊन मारणं वेगळं. माझ्या मते चाचणी वाया गेली नाही. पुढच्या दोन इंजिनांच्या विमानाला हाच अनुभव कामी येतोय.

2022 मध्ये फ्रान्सचं राफेल-मरीन आणि अमेरिकी सुपर हॉर्नेट ही लढाऊ विमानं परीक्षेसाठी दाबोळीत आली. दोघांनाही डेकवरून यंत्राने भिरकावून घ्यायची सवय; आपल्या नौकांवर तशी सोय नाही. दोघांनीही त्या वर उचललेल्या पट्टीवरून उडून दाखवलं. अखेर एप्रिल 2025 मध्ये 26 राफेलचा करार झाला. त्यातली 4 दोन आसनांची आहेत, प्रशिक्षणासाठी. ती नौकेवर जाणारच नाहीत.