‘शाकुंतल’ : एकाच नावाच्या अनेक कलाकृतींची पार्श्वभूमी

कालिदासाचं मूळ नाटक, दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी इथे नव्याने सांगायला नको. १७८९ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं आणि ही कथा युरोपात पोचली. शूबर्टने १८२० मध्ये तिच्यावर ऑपेरा लिहायला घेतला, तो अर्धवटच राहिला. गोल्डमार्कची १८६५ची वाद्यवृंदरचना मात्र गाजली. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या नाट्यरसिकाला यातलं काही आठवत नाही. त्याच्या लेखी ‘शाकुंतल’ म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’.

या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. उरलेले अंक नंतर आले. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी याच नाटकातली. पुढे ती इतर संगीत नाटकांच्या प्रयोगांआधीही म्हटली जाऊ लागली, इतकी की ती मुळात कुठली हे पुष्कळांना माहीत नसतं. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात नोकरी, तिथेच नाटकांची हौस, आणि १८८५ मध्ये मृत्यू पुन्हा गुर्लहोसूरलाच.

वाद आहे तो या नाटकाची प्रेरणा कुठली यावर. रूढ गोष्ट अशी की नाटककाराने पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ या उर्दू संगीत नाटकाचा खेळ पाहिला आणि मराठीत असं का नसावं, या ईर्ष्येने लेखणी उचलली. गोष्ट खोटी नाही; पण तिच्यामुळे संगीत नाटक पुण्यात एका रात्रीत जन्मलं असा समज होतो. कानडी अभ्यासक दुसरीकडे बोट दाखवतात. १८७०च्या सुमारास धारवाडकडे ‘शाकुंतल’ कानडीत आलं होतं, म्हणजे मराठी प्रयोगाच्या बरंच आधी. त्याचा मराठी नाटकावर थेट परिणाम झाला असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा पुढे ठेवला जात नाही, तरी दावा उडवून लावण्यासारखाही नाही. तिसरी बाजू गोकाक भागातल्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कानडी लोकनाट्याची. गद्य बोलणं, मध्येच पद, पुन्हा बोलणं, हा खेळ या मुलखात रात्ररात्र चालत आला आहे. साकी-दिंडी हे पद्यप्रकार मराठी कीर्तनातून आले हे सगळेच मानतात, मात्र किर्लोस्करी पदांमध्ये कानडी चाली आहेत हे सांगताना आपल्याकडे आवाज जरा खाली येतो. सीमाप्रश्नाची सावली पदांवरही पडते, दुसरं काय! गुर्लहोसूरला जन्मलेल्या माणसाच्या कानात दोन्ही भाषा असणार, हे समजायला ‘इंद्रसभे’चं तिकीट काढावं लागत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुढे ‘बालगंधर्व’ म्हणून गाजलेला तरुण नट किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून मिरजेला उभा राहिला. पुढे त्याच्याच कंपनीत पोरवयात उमेदवारी केलेल्या कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकाने १९४३ मध्ये, मुंबईत नवी संस्था काढून, ‘शकुंतला’ हा हिंदी बोलपट केला. तो मुंबईत एकाच थिएटरात दोन वर्षं चालला आणि अमेरिकेतही दाखवला गेला. तीच कथा त्याने १९६१ मध्ये ‘स्त्री’ या नावाने पुन्हा केली, त्यामुळे नावावरून शोधणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. त्याआधी १९२० चा मूकपट आणि १९४० चा तमिळ ‘शकुंतलै’ होऊन गेले होते. तमिळ चित्रपटाची नायिका कर्नाटक संगीतातली मोठी गायिका, तर दिग्दर्शक अमेरिकन. इटलीत १९२१ मध्ये बोलोन्याला याच कथेचा ऑपेरा रंगला होता. दुसऱ्या महायुद्धात त्याचं मूळ स्वरलेखन नष्ट झालं असं समजून संगीतकाराने ते पुन्हा लिहून काढलं. मूळ प्रत सापडली ती २००५ मध्ये.

अलीकडचा ‘शाकुंतलम्’ २०२३ चा, मूळ तेलुगू. तो हिंदी, तमिळ, मल्याळम आणि कानडीत डब होऊन लागला. मराठीत झाला नाही, त्यामुळे बेळगावच्या मराठी प्रेक्षकाला तो हिंदीत किंवा कानडीतच पाहावा लागला.