क्ष = ४ ही रेषा आडवी की उभी?

दोन बिंदू दिले की रेषेचं समीकरण काढणं बहुतेकांना जमतं. चढ काढायचा, म्हणजे दोन बिंदूंच्या य मधला फरक भागिले क्ष मधला फरक; मग एक बिंदू धरायचा, सूत्रात किमती घालायच्या. य = ४ ही आडवी रेषा, तिचा चढ ०, हेही न अडखळता सांगतात. घोळ होतो तो क्ष = ४ पाशी, आणि दरवर्षी तोच.

परवा भाचीच्या वहीत पाहिलं. बिंदू होते (४, १) आणि (४, ७). वर ७ − १ म्हणजे ६, खाली ४ − ४ म्हणजे ०. सहा भागिले शून्य, आणि पुढे तिनं चढ = ० लिहिलेलं. मग य − १ = ०, म्हणून य = १. उत्तराखाली दोन रेघाही मारलेल्या. मी म्हटलं, "दुसऱ्या बिंदूनं ताळा करून बघ." त्यात य आहे ७. तिनं स्वतःच खोडलं.

शून्य भागिले सहा म्हणजे ०: सहा घरं आडवं गेलो, उंची तेवढीच राहिली. सहा भागिले शून्य याला मात्र उत्तरच नाही, कारण ० ला कशानंही गुणलं तरी ६ येत नाहीत. म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. "या रेषेला चढ नाही" हे वाक्य वर्गातून हद्दपार व्हायला हवं. ते आडव्या रेषेलाही लावतात आणि उभ्या रेषेलाही. मग मुलांनी दोन्हीकडे ० लिहिलं तर त्यांचा काय दोष? आडव्या रेषेला चढ आहे, तो ० आहे.

य = मक्ष + क या साच्यात म म्हणजे चढ आणि क म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथला य. उभ्या रेषेला म साठी किंमतच नाही, म्हणून ती या साच्यात बसतच नाही. त्यामुळे मी तरी आधी बिंदू बघायला सांगते. दोन्हींत क्ष सारखाच असेल, तर सूत्राला हात न लावता सरळ क्ष = ४ लिहायचं.

काही जण नावालाच फसतात: समीकरणात क्ष आहे, म्हणजे रेषा क्ष-अक्षासारखी आडवी. पण समीकरण ही रेषेवरच्या प्रत्येक बिंदूनं पाळायची अट असते. क्ष ४ च हवा, य कितीही चालेल. आलेख कागदावर (४, ०), (४, २), (४, −५) मांडा. उभी रांग दिसेल, य-अक्षाला समांतर. याच न्यायानं खुद्द क्ष-अक्षाचं समीकरण य = ० आहे, क्ष = ० नव्हे.