वाफसा आणि थोडासा आळस

धणे पेरले की तिसऱ्या दिवशी माती उकरून बघायचा मोह आवरत नाही. माझ्या पहिल्या कुंडीचं वाटोळं असंच झालं. आधी उकराउकर केली, मग काहीच दिसेना म्हणून काळजीपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं, आणि आठवड्याभरात कुंडीतून कुबट वास यायला लागला. धण्यांना उगवायला एक ते तीन आठवडे लागतात, हे नंतर कळलं. आणखी एक गोष्ट नंतरच कळली. धणा ही एक बी नव्हेच, ते फळ आहे. त्यात दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. म्हणून पेरण्याआधी धणे हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दलं सुटी करतात.

घरी हौसेने भाजी लावणाऱ्यांची बरीचशी रोपं तहानेने मरत नाहीत, जास्तीच्या पाण्याने मरतात. मुळं श्वास घेतात, हे आपण शाळेत शिकतो आणि झारी हातात आली की विसरतो. मुळांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळं गुदमरतात, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पसरतो. गंमत म्हणजे गुदमरलेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच मान टाकतं. मुळंच काम करेनाशी झाली की पाणी वर चढणार कसं? मग आपण कळवळून आणखी पाणी घालतो.

शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे : वाफसा. ओल आहे, पण चिखल नाही, कणाकणांत हवा खेळते आहे, अशी मातीची अवस्था. कुंडीत तो ओळखायला बोट पुरतं. दुसऱ्या पेरापर्यंत आत घालायचं, माती कोरडी लागली तर पाणी द्यायचं, ओली लागली तर त्या दिवशी झारीला हात लावायचा नाही. कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा चांगला होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. भोक मोकळं असलं आणि माती भुसभुशीत असली की झालं.

पाण्यानंतर दुसरा घोळ उजेडाचा, आणि त्यात दोष आपल्या डोळ्यांचा. चांगल्या उजेडाच्या खोलीत साधारण ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर सावलीतसुद्धा तो १०,००० लक्सच्या वर जाऊ शकतो, आणि भर उन्हात लाखाच्या घरात. आपली नजर या फरकाला इतकी पटकन सरावते की खोली आपल्याला ‘लख्ख’ वाटते. रोपासाठी ती तिन्हीसांजेची वेळ असते. टोमॅटो, मिरची, वांगं यांना रोज सहा तास तरी ऊन हवं. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून घेतात, म्हणून नवख्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी.

एवढं सांभाळलं की पुढे बरंचसं काम बघत बसण्याचं. रोप मातीतून वर येतं तेव्हा त्याचा शेंडा आकड्यासारखा वाकलेला असतो. पाठ पुढे करून ते माती फोडतं आणि मागची कोवळी पानं शाबूत राखतं. उजेड लागला की तो आकडा सरळ होतो. एक सोपा खेळ करून बघा. चार-पाच इंचांची रोपं असलेली छोटी कुंडी संध्याकाळी आडवी करून ठेवा. सकाळपर्यंत शेंडे पुन्हा आकाशाकडे वळलेले दिसतील. खोडातल्या काही पेशींमध्ये पिठूळ कण असतात. कुंडी कलली की ते जड कण पेशीच्या खालच्या बाजूला घरंगळतात आणि ‘खाली कुठे’ ते रोपाला कळतं. मुळाच्या टोकालाही हीच यंत्रणा असते, फक्त निष्कर्ष उलटा. ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त साठतं. त्याने खोडाची वाढ जोर धरते आणि मुळाची मंदावते, म्हणून एक वर वळतं आणि दुसरं खाली.

खिडकीकडे झुकणाऱ्या रोपाचं गणितही असंच. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या, तेव्हा ते कोंब उजेडाकडे वाकेनात. उजेड टोकाला कळतो आणि वाकतो त्याच्या खालचा भाग, हे त्यांनी १८८० मध्ये मांडलं. त्या वेळी ऑक्सिनचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

खताबद्दल सगळे फार बोलतात, मी थोडंच बोलेन. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोन्ट या वैद्य-रसायनज्ञांनी २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम दोन औंस कमी भरली. त्यांनी अनुमान काढलं की झाड पाण्यापासून बनलं. ते अर्धंच बरोबर होतं. हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून झाड आपला कार्बन मिळवतं, हे समजायला पुढे शतकभराहून जास्त काळ जावा लागला. म्हणजे तुमच्या कुंडीतल्या मिरचीचा सांगाडा बव्हंशी हवा आणि पाणी यांचा आहे. मातीतून येतं ते चिमूटभर, अर्थात ती चिमूट अत्यावश्यक. जेवणात मीठ जास्त झालं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. नायट्रोजन भरमसाट दिलेला टोमॅटो हिरवागार फोफावतो आणि फळ धरायचं विसरतो.

टोमॅटोचं फूल आलं तरी फळ धरेना, ही तक्रार नेहमीची. फार उष्मा हे एक कारण, दुसरं म्हणजे वारा नसणं. या फुलाचे पुंकेसर नळीसारखे जुळलेले असतात आणि पराग आतल्या बाजूने सुटतो, तो बाहेर पडायला हादरा लागतो. भुंगे फुलाला लटकून अंगाचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. मधमाशीला ही कला येत नाही. बंदिस्त बाल्कनीत भुंगा येत नसेल तर दुपारच्या आत फुलांच्या दांड्याला टिचकी मारावी. फूल स्वतःच्याच परागावर फळतं, तेव्हा तेवढं पुरे.

मावा दिसला की फवारा शोधायला धावू नये, पाण्याची धार मारून बघावी. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढू लागलेली असते. त्यामुळे संख्या बघता बघता चढते. पण तेवढ्यात मावा खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) येतात. विष मारलं तर तेही जातात.

मला सगळ्यांत जास्त वेळ खिळवून ठेवतो तो काकडीचा तणावा. हवेत चाचपडत फिरतो, काठी लागली की तिला वेटोळं घालतो. नंतर मधला भाग स्प्रिंगसारखा आवळत जातो आणि वेल काठीकडे ओढली जाते. नीट पाहा : अर्धी वेटोळी एका दिशेने, अर्धी उलट्या दिशेने, आणि मध्ये छोटासा सरळ तुकडा. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या दोरीला एकाच दिशेने पीळ देता येत नाही. इकडे जितका द्याल तितकाच उलटा पीळ तिकडे पडतो. तणाव्याचंही तसंच. डार्विन यांच्याही नजरेतून हे सुटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मिरचीच्या कुंडीत न लावलेलं टोमॅटोचं रोप उगवलं. टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर तिला फळातच उगवू देत नाही. कंपोस्टमध्ये तो कुजून गेला असणार आणि खताबरोबर ती बी कुंडीत आली असणार. दोघांना एक कुंडी पुरणार नाही, हे मला कळतं. ते उपटायला रोज सकाळी जातो, आणि त्याला किती पानं आली ते मोजून परत येतो.