साठ तबकड्यांचं पुस्तक

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या महामालिकेचा पहिला खंड, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, १९९० साली आला. तो ऐकून संपवायला जवळजवळ ३० तास लागतात. त्यापुढे आणखी १३ खंड. सगळं मिळून साडेचारशे तासांच्या वर, म्हणजे रोज लोकलमध्ये तासभर ऐकलं तरी सव्वा वर्षाची बेगमी. आता हे सारं खिशातल्या फोनवर असतं म्हणून त्याचं अप्रूप वाटत नाही. पण ३० तासांचं पुस्तक ऐकायचं तर ते ठेवायचं कशात, हा प्रश्न बरीच वर्षं सुटलेला नव्हता.

बोलकी पुस्तकं जन्मली ती अंध वाचकांसाठी. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या योजनेतून १९३४ पासून ती तबकड्यांवर मिळू लागली. तबकडी मिनिटाला ३३ फेऱ्यांची, एका बाजूला साधारण १५ मिनिटं वाचन. या हिशेबाने जॉर्डन यांचा एकटा पहिला खंड ६० तबकड्यांचा झाला असता. ट्रोलॉकांनी, म्हणजे कथेतल्या राक्षसांनी, शेतघराचं दार फोडलंय आणि तुम्ही तबकडी उलटायला उठलाय!

१९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि हिशेब २० कॅसेटींवर उतरला, तोही ९० मिनिटांची कॅसेट धरून. तेवढ्याही परवडेनात म्हणून बरेच प्रकाशक पुस्तकालाच कात्री लावत. रहस्यकथा एक वेळ छाटून चालते. इथे मात्र पहिल्या खंडात येताजाता दिसलेला माणूस चौथ्या-पाचव्या खंडात हिशेब चुकता करायला परत येतो. तो कापला की पुढचं सगळं लंगडं. अखंड वाचनाचा आग्रह धरला तो कॅलिफोर्नियातल्या डुव्हाल हेक्ट यांनी. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक मिळवलेला हा गृहस्थ रोजच्या मोटारप्रवासाला कंटाळला होता. १९७५ मध्ये त्यांनी ‘बुक्स ऑन टेप’ काढलं आणि अख्खी पुस्तकं टपालाने भाड्याने देऊ लागले.

१९९५ मध्ये ऑडिबल ही बोलकी पुस्तकं विकणारी कंपनी सुरू झाली. दोन वर्षांनी त्यांनी काढलेल्या पहिल्या यंत्रात दोनच तास मावत. म्हणजे एका खंडासाठी १५ वेळा संगणकाला जोडणं आलं. पुढे आयपॉडने जागेचा प्रश्न मिटवला, आणि खरी उलथापालथ केली ती पैशाच्या गणिताने. ऑडिबलच्या सभासदत्वात एका क्रेडिटला एक पुस्तक मिळतं, मग ते ५ तासांचं असो की ५० तासांचं. ज्या जाडीमुळे ही पुस्तकं कॅसेटच्या काळात कुणाला नको असायची, तीच आता फायद्याची ठरली. माझ्या मते महामालिकांना कानाचे वाचक मिळाले ते या हिशेबामुळे. वाङ्मयीन कारणं नंतरची.

या मालिकेचे आवाज दोन: मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग. दोघं नवराबायको. प्रकरण पुरुषपात्राच्या नजरेतून असेल तर ते वाचतात, स्त्रीपात्राच्या नजरेतून असेल तर त्या. सगळे १४ खंड या जोडीने वाचले. जॉर्डन २००७ मध्ये गेले, मालिका अपुरी ठेवून. अखेरच्या दिवसांत त्यांनी शेवटाकडचे काही प्रसंग तोंडी सांगून टेपवर ठेवले होते, म्हणजे शेवटचा थोडा भाग आधी आवाजातच होता. ती टेप आणि टिपणं हाताशी धरून ब्रँडन सँडरसन यांनी उरलेले तीन खंड पुरे केले. शेवटचा २०१३ मध्ये आला. छापील पुस्तक वाचणाऱ्याला बाराव्या खंडात हात बदललेला चटकन कळतो. ऐकणाऱ्याला तितका कळत नाही, कारण आवाज तेच राहतात. नंतर या कादंबऱ्यांवरच्या दूरचित्रमालिकेत मोरेन या पात्राचं काम करणाऱ्या रोझमंड पाइक यांनीही २०२१ मध्ये पहिला खंड नव्याने वाचला. वाचन सुरेख आहे. पण क्रेमर यांची सवय झालेल्या कानाला ते परक्या घरी जेवल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे असं ऐकणं नवं नाही. श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय चातुर्मासात रोज थोडे थोडे ऐकायचे, एखादा दिवस चुकला तर शेजारणीला विचारून कथा जुळवून घ्यायची, हे आमच्या आजीच्या पिढीचं नेहमीचं होतं. फरक एवढाच, की पांडवांची नावं सगळ्यांच्या कानावरची होती.

इथे नावांनीच घात होतो. क्रेमर-रीडिंग यांचेही उच्चार सगळीकडे सारखे नाहीत. मोगेडिएन हे नाव निरनिराळ्या तऱ्हांनी कानावर पडतं. मी तर पात्रांची वही घातली होती. तिच्यात ‘स्वान’ नावाच्या बाईला पानभर जागा दिलेली. पुढे एका मित्राकडे छापील प्रत हाती आली, मागच्या शब्दसूचीत ‘एस-डब्ल्यू’खाली शोधलं, ‘एस-ओ’खाली शोधलं, बाईचा पत्ता नाही. ती सापडली ‘एस-आय-यू-ए-एन’ अशी.